मॅक्लॅरेन एफ१ जीटीआर : ताकद घटवली आणि ल माँ जिंकली

१८ जून १९९५ रोजी फ्रान्समधल्या ल माँची चोवीस तासांची शर्यत संपली, तेव्हा पहिल्या पाच क्रमांकांत चार मॅक्लॅरेन एफ१ जीटीआर होत्या. जिंकलेली गाडीही त्यांतलीच. मॅक्लॅरेनची ल माँमधली ही पहिलीच खेप होती. ल माँला साधारणपणे प्रोटोटाइप जिंकतात, म्हणजे शर्यतीपलीकडे कशालाच उपयोग नसलेली यंत्रं. इथे मात्र त्यांना एका रस्त्यावरच्या गाडीने मागे टाकलं होतं, आणि तीही जिच्या कर्त्याला तिने शर्यतीत उतरावं असं मुळात वाटतच नव्हतं.

कर्ता म्हणजे गॉर्डन मरे. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा हा माणूस फॉर्म्युला वनमध्ये आधी ब्रॅबम आणि मग मॅक्लॅरेनच्या गाड्या घडवून आला होता. १९९२ मध्ये दाखवलेली मॅक्लॅरेन एफ१ ही त्याच्या मते रस्त्यावर चालवायची परिपूर्ण गाडी. सांगाडा अख्खा कार्बन फायबरचा, विक्रीसाठी बनलेल्या गाडीत पहिल्यांदाच. ड्रायव्हर मधोमध, दोन प्रवासी त्याच्या दोन बाजूंना किंचित मागे. इंजिनाच्या कप्प्याला सोन्याचा वर्ख, कारण सोनं उष्णता उत्तम परतवतं. वजन ११३८ किलो. बीएमडब्ल्यूचा इंजिनतज्ज्ञ पॉल रोशे याने खास बनवलेलं सहा लिटरचं, बारा सिलिंडरचं इंजिन ६२७ अश्वशक्तीचं. टर्बो नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएससुद्धा नाही. १९९८ मध्ये याच गाडीने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला.

शर्यतीचा हट्ट गिऱ्हाइकांचा. १९९४ मध्ये युरोपात बीपीआर नावाची जीटी गाड्यांची, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बेतलेल्या रेसिंग गाड्यांची, मालिका सुरू झाली. रे बेल्म आणि थॉमस बुशर या हौशी आणि पैसेवाल्या रेसरांनी मॅक्लॅरेनचा पिच्छा पुरवला: आम्हाला एफ१ची रेसिंग आवृत्ती द्या. शेवटी मरेने होकार दिला. बदल मात्र आश्चर्य वाटावं इतके थोडे. मागे हवेच्या जोराने गाडी रस्त्यावर दाबून धरणारा पंख, आत सुरक्षेचा पिंजरा, कार्बनचे ब्रेक, चैनीचं सामान बाहेर. इंजिन आणि गिअरबॉक्स जवळपास रस्त्यावरचेच राहिले.

आणि ताकद? ती कमी झाली! रस्त्यावर ६२७ अश्वशक्ती देणारं इंजिन शर्यतीत सुमारे ६०० वर आलं. कारण रिस्ट्रिक्टर. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एका पातळीवर आणायला आयोजक इंजिनात हवा जाते त्या वाटेवर ठरावीक मापाचं अरुंद तोंड बसवायला लावतात. पण भोक लहान असलं तर इंजिन जास्त जोरात हवा ओढून घेणार नाही का? काही मर्यादेपर्यंत घेतं, पुढे नाही. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढत जातो आणि तिथे तो ध्वनीच्या वेगाला टेकला की प्रवाह गच्च होतो. इंजिन मागून ओढतंय ही ‘बातमी’ हवेतून पुढे जाते ती दाबाच्या लहरींनी, आणि या लहरींचा वेग म्हणजेच ध्वनीचा वेग. समोरून हवाच त्या वेगाने येत असेल तर लहर तो अरुंद गळा ओलांडून बाहेर पोचूच शकत नाही. बाहेरच्या हवेला आतल्या ओढीचा पत्ताच लागत नाही. मग पिस्टन कितीही धडपडले तरी सेकंदाला ठरलेल्या ग्रॅमपेक्षा जास्त हवा मिळत नाही, आणि हवा नाही तर जाळायला पेट्रोल घालूनही उपयोग नाही. नियम बनवणाऱ्यांनी भौतिकशास्त्राचा इतका स्वस्त आणि फसवायला इतका कठीण वापर क्वचितच केला असेल.

चोवीस तासांच्या शर्यतीत याचा एक फायदाही असतो. जास्त ताकदीसाठी आखलेलं इंजिन कमी ताकदीवर चालतं, म्हणजे बेअरिंग, पिस्टन, क्रँकशाफ्ट सगळ्यांवरच ताण कमी. एफ१च्या इंजिनाची काळजी नव्हतीच. काळजी होती गिअरबॉक्सची.

इथेच पाऊस आला. त्या वर्षी ल माँला पाऊस रात्रभर आणि त्यानंतरही बराच वेळ पडत राहिला. विजेत्या गाडीच्या २९८ फेऱ्या झाल्या, जेमतेम ४०५५ किलोमीटर. पुढच्याच वर्षीच्या विजेत्याने ३५४ फेऱ्या मारल्या, यावरून ट्रॅक किती निसरडा असेल याचा अंदाज यावा. ओल्या रस्त्यावर टायरची पकड घटते. गिअरच्या दातांवर किती जोर पडणार हे इंजिन एकटं ठरवत नाही. टायर रस्त्याला जितकं ढकलू शकतो तितकाच जोर दातांवर येतो, त्यापुढे चाक नुसतं फिरतं. त्यामुळे पावसात ड्रायव्हरला पाय हलका ठेवावाच लागतो आणि गिअरबॉक्सला आपोआप विश्रांती मिळते. धातूच्या थकव्याचं गणितही इथे कामी येतं: दातावरचा भार थोडासा कमी केला, तर त्याचं आयुष्य त्या प्रमाणात नाही, त्याच्या कितीतरी पट वाढतं. कोरड्या शर्यतीत या गाड्या शेवटपर्यंत टिकल्या असत्या का, याबद्दल मला शंका आहे.

तरीही ओल्या ट्रॅकवर गाडी पळवायला माणूस लागतो. विजेत्या ५९ क्रमांकाच्या गाडीत तिघे होते: फिनलंडचा जे. जे. लेहतो, फ्रान्सचा यानिक दाल्मास आणि जपानचा मासानोरी सेकिया. रात्री, भर पावसात, लेहतो एकेका फेरीत इतरांवर कितीतरी सेकंदांची आघाडी काढत होता. सेकिया ल माँ जिंकणारा पहिला जपानी ठरला. गाडी होती ०१आर, म्हणजे मॅक्लॅरेनने चाचण्यांसाठी वापरलेली पहिलीच जीटीआर. ती चालवत होता लांझान्टेचा छोटा संघ, आणि तिच्या काळ्या-करड्या अंगावर जपानच्या उएनो क्लिनिकची जाहिरात. कारखान्याची सगळी ताकद मागे असलेल्या संघाच्या हातून नाही, तर चाचणीच्या गाडीतून हा विजय आला, हे मला या कथेतलं सगळ्यात गमतीचं वाटतं.

लंडनच्या हॅरॉड्स दुकानाची जाहिरात मिरवणाऱ्या पिवळ्या-हिरव्या मॅक्लॅरेनमध्ये अँडी वॉलेससोबत डेरेक बेल आणि त्याचा मुलगा जस्टिन होते. बराच काळ पुढे राहून शेवटच्या टप्प्यात त्यांची गाडी गिअर बदलायला त्रास देऊ लागली आणि ती तिसरी आली. भीती खरी होती ती अशी! दुसरा क्रमांक मारिओ आंद्रेत्तीच्या कुराज प्रोटोटाइपचा, फक्त एका फेरीने मागे.

मॅक्लॅरेनने या यशाची आठवण म्हणून एफ१ एलएम नावाच्या पाच गाड्या बनवल्या. शर्यत पूर्ण केलेल्या पाच जीटीआरसाठी पाच. त्यात रिस्ट्रिक्टर नव्हता, म्हणून ताकद ६८० अश्वशक्ती. म्हणजे शर्यतीच्या गाडीपेक्षा तिची रस्त्यावरची आठवण जास्त ताकदवान!

पुढे मात्र खेळच उलटा झाला. १९९६ मध्ये पोर्शने ९११ जीटी१ आणली. नाव ९११ असलं तरी इंजिन नेहमीच्या ९११सारखं मागच्या चाकांच्या मागे नाही, तर पुढे, आणि गाडीचा मागचा भाग सरळसरळ शर्यतीचा. आधी शर्यतीची गाडी बनवायची आणि मग नियमापुरत्या दोनचार रस्त्यासाठी. १९९७ मध्ये मर्सिडीजची सीएलके जीटीआर त्याच वाटेने आली. मॅक्लॅरेनने उत्तर दिलं ते नाक आणि शेपूट दोन्ही लांबवलेल्या नव्या जीटीआरने. वजन ९१० किलोंच्या आसपास, इंजिन सहा लिटरच्या किंचित खाली, गिअरबॉक्स नवा. लांब शेपटीचा हिशेब साधा आहे. पंख मागच्या चाकांच्या जितका मागे, तितका तरफेचा हात लांब, आणि गाडीखालची हवा सावकाश पसरून दाब परत मिळवायलाही जास्त जागा. ही गाडी आधीच्यापेक्षा नक्कीच चांगली होती, तरी १९९७ च्या ल माँला दुसरी आणि तिसरी आली. जिंकली योस्ट संघाची प्रोटोटाइप.

१९९८ मध्ये टोयोटाने जीटी-वन आणली. जीटी गाडीत सामानाला जागा हवी असा नियम होता, आणि टोयोटाने आयोजकांना पटवलं की मोकळ्या इंधन टाकीत सूटकेस मावते, म्हणून तीच आमची डिकी. त्या साली मर्सिडीजने एफआयए जीटी मालिकेतल्या सगळ्या शर्यती जिंकल्या, इतर संघ कंटाळून गेले आणि या सगळ्या गाड्या जिच्यात धावत ती जीटी१ श्रेणी गुंडाळली गेली. त्याच १९९८ च्या ल माँला एक खासगी मॅक्लॅरेन चौथी आली होती. एकूण २८ जीटीआर बनल्या. त्यांतल्या काही जपानमध्ये २००० नंतरही पळत राहिल्या, तर काहींना त्यांच्या मालकांनी नंबरप्लेट लावून पुन्हा रस्त्यावर आणलं. गाडी अशी परतवण्याचं काम करणाऱ्यांत आज लांझान्टेचंच नाव आधी येतं.