कंबरेला मार लागल्यानंतर होणाऱ्या मणक्याच्या तपासणीविषयी

पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरताना छतावरून, किंवा मोहाच्या झाडावरून पडलेला रुग्ण आमच्या केंद्रात आला की एक्स-रे होताच नातेवाईक विचारतात, हाड मोडले का? डॉक्टरांना मात्र त्यापुढचे कळायला हवे असते : मोडलेला मणका अंगाचा भार पेलत जागेवर राहील, की सरकून नसांवर दाब आणील? यालाच मणक्याची स्थिरता म्हणतात.

अहवालात बरेचदा ‘डी १२’ (छातीचा बारावा, म्हणजे शेवटचा मणका) किंवा ‘एल १’ (कंबरेचा पहिला मणका) असा उल्लेख असतो. छातीचे मणके बरगड्यांनी आवळलेले आणि कंबरेचे मोकळे असल्यामुळे हे दोन भाग जुळतात तेथे मार अधिक बसतो.

स्थिरता ठरवण्यासाठी २००५ मध्ये मांडलेली एक गुणपद्धत वापरतात. मणका कसा मोडला, मागचे अस्थिबंध (मणके एकमेकांना बांधून ठेवणारे चिवट तंतू) शाबूत आहेत का आणि नसांना इजा आहे का, यांचे गुण तीत मिळवले जातात. बेरीज ३ पर्यंत असल्यास सहसा पट्टा व विश्रांती, ५ किंवा अधिक असल्यास शस्त्रक्रिया सुचवतात. ४ असल्यास निर्णय सर्जनचा. नसा शाबूत असताना मणका फुटून तुकडे पसरले असतील तर २ गुण होतात, पण त्याच रुग्णाचे मागचे अस्थिबंधही फाटले असतील तर ३ गुण वाढून बेरीज ५ होते. अस्थिबंध एक्स-रेत दिसत नाहीत. सीटीत हाडाचे तुकडे नीट दिसतात, अस्थिबंध व नसा एमआरआयमध्ये. त्यामुळे पुढची तपासणी लिहून दिली, तर तो उगाच वाढवलेला खर्च समजू नये. (एमआरआय आमच्याकडे होत नाही, तेव्हा यात आमचा स्वार्थ नाही.)

रुग्ण आपल्या पायांनी चालत आला, एवढ्यावरून मणका स्थिर ठरत नाही. त्याला काळीपिवळीत बसवून किंवा झोळीसारख्या लवणाऱ्या बाजेवर आणू नये. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत सपाट निजवून ठेवावे. कुशीवर वळवणे भागच असेल तर तिघा-चौघांनी मान, खांदे व कंबर एका रेषेत ठेवून एकदमच वळवावे.

लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा पायांतील जोर कमी होऊ लागला, तर मणक्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात रात्री-अपरात्रीही न्यावे. एक्स-रेची फिल्म सोबत द्यावी, मात्र आमच्या लेखी अहवालासाठी थांबू नये.