शेगडी पेटवायची कशाने? : पार्श्वभूमी

९ जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या हरित इंधनावर जायला सांगितलं. शहराच्या हवेची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतलेली होती, त्या प्रकरणातला हा आदेश. पाठोपाठ फेब्रुवारीत महापालिकेने कोळशाची तंदूर-भट्टी लावणाऱ्या हॉटेलांना आणि ढाब्यांना नोटिसा धाडल्या. मुदत ८ जुलैची होती. पाव महागेल का, तंदुरीची चव जाईल का, यावर पुष्कळ बोललं गेलं. कबाबाची, कणसाची, भरताच्या वांग्याची उघडी शेगडी मात्र या बोलण्यात नीटशी आलीच नाही. तिच्या धुराचा मोठा वाटा पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत, ती पेटत असताना निघतो. मग ती पेटवायची कशी, हा प्रश्न आधी यायला हवा होता.

ज्यांच्या घरी शेगडी होती त्यांना हे सांगावं लागत नाही. मुंबईत सिलिंडरचा गॅस १९५५ मध्ये आला, पण बहुतेक घरांना त्यासाठी पुढे वर्षानुवर्षं यादीत थांबावं लागलं. तोवर चाळीतली सकाळ गॅलरीत सुरू व्हायची. पत्र्याच्या डब्याला किंवा बादलीला आतून माती थापून, मध्ये जाळी बसवून केलेली शेगडी आधी बाहेर पेटवायची आणि धूर सरला की उचलून आत न्यायची. जाळीवर गोवरीचा तुकडा, चार ढलप्या, त्यावर कोळसा, आणि खालच्या खिडकीतून वारा. कोकणात गोवरीऐवजी नारळाचं सोडण, देशावर तुराट्या. वरून एखादं बिनबुडाचं नळकांडं उभं केलं की ओढ वाढते आणि निम्म्या वेळात काम होतं, हेही लोकांना ठाऊक होतं. आज दुकानात 'चिमनी स्टार्टर' म्हणून जे महागडं पिंप मिळतं त्यात याहून वेगळं तत्त्व नाही. खाली जाळ, वर कोळसा, भोवती भिंत. गरम हवा वर जाते आणि खालून ताजी हवा ओढून घेते.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा आपल्याकडे कोळशाच्या गॅसवर बसगाड्या धावत. गाडीच्या पाठीला बांधलेल्या टाकीतला कोळसा पेटवायला हाताने पंखा फिरवत बसावं लागे आणि प्रवासी तोवर थांबून राहत. हल्ली चौपाटीवर कणीसवाल्याच्या हातात दांडी फिरवायचा छोटा पंखा दिसतो, तो त्याच कुळातला.

मग या साऱ्यावर रॉकेलने मात केली. गोवरी जमवा, ढलप्या फोडा, वारा घाला, हे सगळं एका काकड्याने वाचवलं. रॉकेल रेशनवर स्वस्त मिळायचं आणि घरात असायचंच, कारण स्टोव्हही त्यावर चालायचा. स्वयंपाकाच्या शेगडीला ते चाललं, कारण वर पातेलं असायचं. थेट निखाऱ्यावर काही भाजायचं असेल तर रॉकेल पूर्ण जळून जाईपर्यंत थांबावंच लागतं, नाहीतर पहिल्या वांग्याला वास येतो. गेल्या दहा-बारा वर्षांत घरोघर गॅस पोहोचला आणि रेशनवरचं रॉकेल आटत गेलं. तिथे कापूर आला. माझ्या मते कापराची ही बढती अपघाताने झाली. तो देवघरात हाताशी होता, एवढंच. तो पेटतो पटकन, पण काजळी भरपूर सोडतो.

आता कोळसा या शब्दाकडे. आदेश आणि नोटिसांवरच्या मराठी चर्चेत सगळीकडे 'कोळसा' एवढंच येतं आणि गोंधळ तिथून सुरू होतो. मराठीत या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या वस्तू आहेत. पहिला दगडी कोळसा, खाणीतला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरोऱ्याला खाण सुरू झाली, आणि चंद्रपूर परिसरातून तो आजही निघतो. त्यात गंधक असतं, पेटायला तो जड असतो आणि पेटताना पिवळट, घशात खवखवणारा धूर सोडतो. दुसरा लोणारी कोळसा, लाकूड मातीखाली कोंडून, कमी हवेत जाळून पाडलेला. लाकडातलं पाणी आणि धूर देणारे घटक भट्टीतच गेलेले असतात, म्हणून चांगला पाडलेला लोणारी कोळसा एकदा लाल झाला की दिसेल असा धूर जवळजवळ देत नाही. तिसरा चुऱ्याचा, म्हणजे पूर्वी घरी मातीशेणात कालवून वळलेले गोळे आणि आताच्या दाबून केलेल्या विटा. चौथा 'पांढरा कोळसा', आणि फसगत होते ती इथे. उसाचं चिपाड, सोयाबीनचं भूस, लाकडाचा भुसा दाबून केलेले हे दांडके कारखान्यांच्या बॉयलरसाठी असतात. नावात कोळसा असला तरी ते कोळसा झालेलेच नसतात. ते दाबलेलं लाकूड आहे आणि लाकडासारखाच धूर करतं.

या चौघांना एका शब्दात बांधलं की पेटवण्याची चर्चाच होऊ शकत नाही, कारण प्रत्येकाचं पेटणं वेगळं. चौथ्याला मुभा आणि दुसऱ्याला बंदी असा उलटा प्रकारही मग कागदावर सहज होऊ शकतो, कारण चौथा 'शेतीतल्या टाकाऊ मालापासून' म्हणून हरित ठरतो. हॉटेलवाल्यांनी चवीचा मुद्दा लावून धरला. तो खरा आहे, पण कमजोर आहे. ज्या धुराने शेजारी खोकतात तो बहुतेक वेळा ओल्या किंवा अर्धवट पाडलेल्या कोळशाचा, रॉकेलचा, नाहीतर निखाऱ्यावर टपकणाऱ्या चरबीचा असतो, हा मुद्दा जास्त भक्कम होता. चरबीचा धूर तर गॅसच्या ग्रिलवरही निघतो.

एक गोष्ट कोळशाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही लपवू नये. धूर थांबला म्हणजे वायू थांबला असं नाही. लालबुंद, स्वच्छ दिसणाऱ्या निखाऱ्यातूनही कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. चाळीत शेगडी आत नेली जायची तेव्हा दारंखिडक्या उघड्या असायच्या, म्हणून निभावलं. पवना धरणाच्या काठी तंबूत राहायला जाणाऱ्यांना रात्री 'बार्बेक्यू' मिळतो. थंडी वाजते म्हणून ती उरलेली शेगडी तंबूत ओढून घेण्याइतकं धोकादायक दुसरं काही नाही.

पेटवण्यावरच नियम करता येतो का? करून झालेला आहे. अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला, लॉस एंजेलिस आणि आसपासच्या प्रदेशाने १९९० मध्ये तो केला. तिथे अंगणातला कोळशाचा ग्रिल ही घरोघरची वस्तू, आणि त्यावर ओतायचं पेटवणीचं तेल बाटलीत मिळायचं. त्या तेलाची वाफ उन्हात बाकीच्या धुराशी मिसळून शहरावरचं धुरकं वाढवते, असा तिथल्या हवा-नियामकांचा हिशेब होता. लोकांचं सुट्टीचं जेवण हिरावून घेताहेत अशी ओरड झाली. पण नियमाने कोळशाला हात लावलाच नाही. एका पेटवणीमागे ०.०२ पौंड, म्हणजे साधारण नऊ ग्रॅम, याहून जास्त वाफ सुटता कामा नये, एवढीच मर्यादा घातली. उत्पादकांनी तेलाचं मिश्रण बदललं, विजेची पेटवणी आणि चिमनी यांना या मर्यादेची अडचण नव्हती, आणि ग्रिल चालू राहिले. आपल्या आदेशाशेजारी हे ठेवून पाहिलं की फरक कळतो: तिकडे पेटवण्याची रीत मोजली, इकडे इंधनाचं नाव मोजलं. मुंबईत हजारो ठिकाणच्या शेगड्या मोजणं अवघड आहे हे मान्य, पण नऊ ग्रॅमची मर्यादाही कुणी घरोघर जाऊन मोजत नव्हतं. ती बाटलीवर लागू होती.

याच्याही मागे भट्टीचा इतिहास आहे. लोणारी समाज पिढ्यान् पिढ्या चुना भाजायचा आणि कोळसा पाडायचा. कोळशाला नाव मिळालं ते त्यांच्यावरून. रायगड-ठाण्यातल्या कातकऱ्यांचं नाव खैराच्या कातावरून आलेलं. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८७८ च्या जंगल कायद्यानंतर, खैरावर त्यांचा हात चालेना आणि त्यातले अनेक जण कोळसाभट्टीकडे वळले. आजही दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं भट्टीवर जातात. शहरातल्या शेगडीचा धूर कमी असतो कारण तो आधी त्यांच्या फुप्फुसांत गेलेला असतो. भट्टी घाईने उघडली की कोळसा कच्चा राहतो आणि तोच पुढे शेगडीत धुमसतो. पण घाई होते कारण पैसे पोत्यांच्या संख्येवर मिळतात.

सध्या किरकोळ बाजारात नारळाच्या करवंटीचा कोळसा वाढला आहे. तो पेटायला वेळ घेतो, पण टिकतो आणि त्याला धूर कमी. काडी लावताच तडतडत पेटणाऱ्या गोल चकत्या धुपासाठी आणि हुक्क्यासाठी केलेल्या असतात. त्यांत सोरा, म्हणजे चटकन पेट घ्यायला लावणारा क्षार, मिसळलेला असतो आणि खाण्याचं काही त्यांवर भाजू नये. माझा अनुभव सांगायचा तर गोडेतेलात बुडवलेला कागदाचा बोळा, त्यावर चिमनी किंवा साधं नळकांडं, आणि कोरडा लोणारी कोळसा यांना तोड नाही. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर पांढरी राख धरते, तेव्हा ओतायचा. पंख्याने घाई केली तर ठिणग्या उडतात आणि कोळसा बाहेरून लाल, आतून काळाच राहतो.

गेल्या पावसाळ्यात दादरच्या चौपाटीवर एका कणीसवालीने आदल्या दिवशीचे विझवलेले कोळसे तळाशी घातलेले पाहिले. एकदा पेटून गेलेला कोळसा लवकर धरतो आणि धूर करत नाही, असं तिने सांगितलं. तिच्या गाडीपर्यंत नोटीस आलेली नव्हती.