गिटार आणि घरचा रेडिओ: एका जुन्या नात्याची पार्श्वभूमी

पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत वायरी घ्यायला गेलं की हा प्रश्न हमखास कानावर पडतो. गिटारची केबल हातात धरून कॉलेजचा एखादा मुलगा काउंटरवर विचारत असतो, "काका, ही मोठी पिन छोटी होईल असं काही आहे का? घरच्या स्टिरिओला लावायचीय." काका अडॅप्टर देतात, मुलगा खूश होऊन जातो. घरी आवाज मात्र गोधडीखाली दाबल्यासारखा येतो. मग कधी गिटारला बोल लागतो, कधी स्टिरिओला. खरं तर दोघांचीही चूक नसते. ही दोन यंत्रं एकाच घरात वाढली आणि पुढे वेगळी झाली, ते कसं हे सांगावंसं वाटतं.

सुरुवात अमेरिकेत. १९३१ मध्ये जॉर्ज बीचम यांनी तारांभोवती चुंबक आणि तारांखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं ठेवून गिटारच्या कंपनातून वीज काढली, आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या साथीने १९३२ पासून ही गिटार विक्रीला आली. गोल अंग आणि लांब दांडा, म्हणून तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाइयन गिटार होती. आपल्याकडच्या आधीच्या पिढीला हा बाज नवा नाही. व्हॅन शिप्लींनी हवाइयन गिटारवर वाजवलेली हिंदी चित्रपटगीतं घराघरांतल्या रेडिओंनी ऐकवली आहेत.

वीज निघाली, पण ती मोठी कशाने करायची? उत्तर शेजारीच होतं: रेडिओ. लिओ फेंडर यांनी १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्यांच्या सुरुवातीच्या अ‍ॅम्प्लिफायरमधली (अ‍ॅम्पमधली) सर्किटं व्हॉल्व्ह, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तकांत छापलेल्या सर्किटांच्या वळणाची होती, आणि रेडिओवालेही तीच पुस्तकं वापरत. फेंडरचा सर्वांत छोटा अ‍ॅम्प 'चॅम्प' घ्या: आवाज वाढवणारा एक छोटा व्हॉल्व्ह, स्पीकर हलवणारा एक मोठा व्हॉल्व्ह, ताकद सुमारे ५ वॅट. आता २ ऑक्टोबर १९५३ ला आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं त्या काळातला दिवाणखान्यातला व्हॉल्व्हचा रेडिओ उघडून पाहा. स्टेशन पकडणारा भाग बाजूला ठेवला, तर मागे उरतो तो जवळजवळ हाच ऐवज.

अशा अनेक रेडिओंच्या पाठीवर दोन भोकं असत, शेजारी 'ग्राम' किंवा 'पीयू' लिहिलेलं. ती तबकडी वाजवणाऱ्या प्लेअरसाठी होती. त्या काळच्या प्लेअरमध्ये सुईमागे क्रिस्टल असायचा. त्याच्यातून येणारा सिग्नल नाजूक, ओझं सहन न करणारा. म्हणून रेडिओ त्या भोकांना ५ लाख ते १० लाख ओहमचा मोठा रोध दाखवत असे. गिटारला नेमकं हेच लागतं. तिच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांजवळच्या चुंबक-वेटोळ्यात, केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे असतात. या वेटोळ्याचा स्वतःचा एक उभार असतो, म्हणजे काही उंच स्वर ते जास्त उठावाने देतं, साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या दरम्यान. तारेवर नखी पडल्यावर जो 'टण्ण' कानाला गोड लागतो, तो या उभारातून येतो. १० लाख ओहमवर तो शाबूत राहतो. रोध २०-३० हजारांवर आणला, की हा उभार बसतो.

फाटाफूट इथेच झाली. ट्रान्झिस्टर आले, स्टिरिओ आला, टेपरेकॉर्डर आणि ट्यूनरचा सिग्नल दणकट झाला. स्टिरिओच्या 'ऑक्स'चा, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायच्या भोकाचा, रोध दहा ते पन्नास हजार ओहमवर उतरला, कारण त्या यंत्रांना तेवढा पुरे होता. 'फोनो'त, म्हणजे तबकडीच्या प्लेअरसाठीच्या भोकात, गिटार लावणं तर आणखी वाईट. तिथे काही मिलिव्होल्टचीच अपेक्षा असते, आणि तबकडीसाठी १९५४ मध्ये रूढ झालेल्या मापाप्रमाणे खर्ज मुद्दाम वाढवलेला असतो. आवाज नुसता घुमतो आणि फाटतो.

दुसरा दुरावा स्पीकरचा. गिटारच्या अ‍ॅम्पमधला १२ इंची स्पीकर ५ हजार हर्ट्झनंतर झपाट्याने गप्प होतो, आणि त्यातच त्याची गोडी आहे. स्टिरिओचा ट्विटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, २० हजारांपर्यंत सगळं ऐकवतो. त्यामुळे डिस्टॉर्शनचा, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारा, पेडल लावला की डोक्याभोवती गांधीलमाशी फिरते आहे असं वाटतं. मी एकदा हौसेने असं तासभर वाजवलं आणि डावा ट्विटर कायमचा मुका झाला. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

पुन्हा जवळ यायला १९८२ उजाडावं लागलं. टॉम शोल्झ या इंजिनिअर-गिटारवादकाने 'रॉकमन' नावाची पट्ट्याला अडकवायची डबी काढली, जी हेडफोनमध्येच अ‍ॅम्प आणि स्पीकरचा भास देई. १९९८ मध्ये 'पॉड' नावाची डबी आली, आणि तेच काम आकडेमोडीने, म्हणजे डिजिटल पद्धतीने, होऊ लागलं. अशी डबी मध्ये असेल तर घरचा स्टिरिओ गिटारला उत्तम साथ देतो, कारण त्याने साफ आवाज देण्यापलीकडे काही करायचं उरत नाही.

जुना रेडिओ वापरून पाहायचा मोह होईल, मलाही होतो. पण ट्रान्सफॉर्मर नसलेले एसी-डीसी सेट असत, त्यांच्या सांगाड्यात थेट घरची वीज खेळते, आणि गिटारच्या तारा त्याच सांगाड्याला जोडल्या जातात. अशा सेटला गिटार कधीही लावू नका.

त्यापेक्षा तपकीर गल्लीतून एक एफईटी (एका प्रकारचा ट्रान्झिस्टर), १० लाख ओहमचा एक रेझिस्टर, एखाद-दोन आणखी रेझिस्टर, दोन कॅपॅसिटर आणि ९ व्होल्टच्या बॅटरीची क्लिप आणा. साबणाच्या डबीत मावेल एवढं सर्किट होतं. ते केबल आणि 'ऑक्स'च्या मध्ये बसवा, पेडल न लावता सर्वांत बारीक तार छेडा. गोधडी बाजूला होते आणि तो 'टण्ण' परत येतो.