लष्करी तळांवरची वीज गुणवत्ता

लष्करी तळावरच्या उपकरणांना मिळणारं व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि वेव्हफॉर्मचा, म्हणजे विजेच्या लाटेचा, आकार ठरलेल्या मर्यादेत ठेवणं म्हणजे तिथली वीज गुणवत्ता सांभाळणं. लाईट आहे की गेली एवढ्यावरून ही गोष्ट कळत नाही. ट्यूब नुसती एकदा मिचकते, कुणी मान वर करूनही बघत नाही, पण तेवढ्यात सर्व्हर रीस्टार्ट होतो, चिलरचा (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, सुटतो आणि कंट्रोल रूमचा एसी बंद पडतो, मग तो परत चालू करेपर्यंत आतली उपकरणं तापत राहतात.

या मिचकण्याला सॅग म्हणतात. व्होल्टेज नेहमीच्या ९० टक्क्यांच्या खाली पण १० टक्क्यांच्या वर, अर्ध्या सायकलपासून १ मिनिटापर्यंत राहिलं तर तो सॅग. ५० हर्ट्झवर अर्धी सायकल म्हणजे फक्त १० मिलिसेकंद. बाहेरच्या लाईनवर कुठे झाड पडलं, वीज कोसळली, नाहीतर तळावरच मोठी मोटर डायरेक्ट चालू केली (तेव्हा ती साधारण सहापट करंट ओढते) की सॅग येतो. जनरेटर इथे उपयोगाचा नाही, त्याला चालू होऊन लोड घ्यायला १० सेकंद तरी लागतात, म्हणून मधला वेळ बॅटरीच्या किंवा फ्लायव्हीलच्या यूपीएसने भरून काढावा लागतो. सगळ्या तळाला यूपीएस लावायची मात्र गरज नसते, पुष्कळदा कंट्रोल सर्किटला छोटा यूपीएस दिला तरी पूर्ण चिलर वाचतो.

दुसरा मोठा त्रास हार्मोनिक्सचा, म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या तिप्पट, पाचपट अशा पटीतल्या नको असलेल्या लहरींचा, आणि हा तळावरचीच उपकरणं तयार करतात: कॉम्प्युटर, एलईडी, मोटरचे ड्राइव्ह आणि खुद्द यूपीएससुद्धा. तिन्ही फेजमधून येणाऱ्या तिसऱ्या हार्मोनिकची न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द न करता बेरीज होते, त्यामुळे फेजचे आकडे व्यवस्थित दिसतात आणि न्यूट्रल मात्र भाजून निघते. करंट मोजायचा क्लॅम्प मीटर फेजला लावायची सवय सगळ्यांना असते, न्यूट्रलला फार कमी जण लावतात, त्यात मीटर ट्रू आरएमएस (वाकड्या वेव्हफॉर्मचाही खरा आकडा देणारा) नसेल तर आकडा कमीच दाखवतो. पॉवर फॅक्टर सुधारायला नुसते कपॅसिटर बसवले तर ते ट्रान्सफॉर्मरशी रेझोनन्स करून (एका ठराविक फ्रिक्वेन्सीला दोघं मिळून झुलल्यासारखे होऊन) हार्मोनिक्स आणखी वाढवू शकतात, मग फ्यूज उडतात, कपॅसिटर फुगतात. कपॅसिटरसोबत ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर (तारेची कॉइल) जोडला की ५० हर्ट्झच्या सिस्टिममध्ये रेझोनन्स १८९ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या २५० हर्ट्झच्या खालीच राहतो. आयट्रिपलई ५१९ या हार्मोनिक्सच्या मर्यादा ठरवणाऱ्या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत १ किलोव्होल्टपर्यंतच्या जोडणीवर व्होल्टेजच्या एकूण विकृतीची मर्यादा ८ टक्के आहे.

जनरेटरवर गेल्यावर हे सगळं जास्त बिघडतं, आणि खरी परीक्षा इथेच असते असं मला वाटतं. ग्रिडच्या मानाने जनरेटर कमजोर सोर्स असतो, त्याच लोडवर वेव्हफॉर्म जास्त वाकतो, लोड चढला-उतरला की फ्रिक्वेन्सी हलते, मग यूपीएस ही वीज घ्यायचं नाकारून परत बॅटरीवर जातो आणि शेजारी जनरेटर धडधडत असताना बॅटरी संपते! अल्टरनेटर जरा मोठा घेणं, यूपीएसची फ्रिक्वेन्सीची मर्यादा थोडी सैल करणं, लोड टप्प्याटप्प्याने टाकणं हे त्यावरचे उपाय, पण खऱ्या लोडवर चाचणी घेतल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही.

८ सप्टेंबर २०११ ला अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या एका सबस्टेशनमधल्या स्विचिंगच्या चुकीने ५०० किलोव्होल्टची लाईन बंद पडली आणि अवघ्या ११ मिनिटांत सान डिएगोसकट सुमारे २७ लाख ग्राहक अंधारात गेले. याच शहरातल्या मिरामार या मरीन कोअरच्या हवाई तळावर पुढे मायक्रोग्रिड (गरज पडली तर ग्रिडपासून वेगळी चालणारी छोटी वीजव्यवस्था) उभी राहिली, तिच्यात तळाच्या जागेवरच्या कचराडेपोतल्या गॅसवर चालणारी ३.२ मेगावॉटची वीज, सोलर, डिझेल आणि नॅचरल गॅसची इंजिनं एकत्र चालतात. ग्रिडपासून वेगळं झाल्यावर व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी धरून ठेवायची जबाबदारी पूर्ण तळाचीच होते.

विमानांचा मामला अजून वेगळा. त्यांना ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ वीज लागते, कारण जास्त फ्रिक्वेन्सीवर ट्रान्सफॉर्मर आणि मोटर हलक्या होतात. जमिनीवर उभ्या विमानाला ती कन्व्हर्टरमधून देतात. अमेरिकेच्या मिल-एसटीडी-७०४ या विमानांच्या विजेच्या लष्करी मानकाप्रमाणे नेहमीच्या स्थितीत १०८ ते ११८ व्होल्ट आणि ३९३ ते ४०७ हर्ट्झ एवढंच चालतं. केबल लांब असली की ४०० हर्ट्झला व्होल्टेज ड्रॉप जास्त येतो, त्यामुळे कन्व्हर्टर विमानाच्या जवळ ठेवलेला बरा.

भारतात लष्करी तळांवरच्या विजेचं काम मुख्यतः एमईएस (मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस) बघते. पुणे, खडकी, देवळाली या छावण्या दख्खनच्या काळ्या कातळावर आहेत आणि असा खडक वीज सहज वाहून नेत नाही, त्यात उन्हाळ्यात वरची माती वाळली की अर्थिंगचा रेझिस्टन्स अजून वाढतो. म्हणून अर्थ पिटचं रीडिंग पावसाळ्यात घेऊन भागत नाही, ते एप्रिल-मेमध्ये घ्यायला हवं.