स्ट्रूप परिणाम

शब्दाचा अर्थ आणि त्याच्या छपाईचा रंग यांचा मेळ नसला, की रंग ओळखून सांगायला अधिक वेळ लागतो व चुकाही वाढतात. या घटनेला मानसशास्त्रात स्ट्रूप परिणाम म्हणतात. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापून शाईचा रंग विचारला, तर उत्तर समोर दिसत असूनही जिभेवर आधी ‘लाल’ येते. आपोआप घडणारा आणि जाणीवपूर्वक केलेला विचार यांतील ओढाताण इतक्या साध्या साधनांनी मोजून दाखवणारे प्रयोग फार थोडे आहेत.

शब्द वाचण्यापेक्षा रंगाचे नाव सांगायला जास्त वेळ लागतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स मकीन कॅटेल यांनी १८८६ मध्येच नोंदवले होते. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे संशोधन करणाऱ्या जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ च्या आपल्या निबंधात या दोन्ही क्रिया एकमेकींसमोर उभ्या केल्या. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले. विसंगत रंगांत छापलेल्या शंभर शब्दांच्या शाईचे रंग सांगायला मात्र ११०.३ सेकंद. उलट, शाईकडे लक्ष न देता केवळ शब्द वाचायचे असताना विसंगत रंगांचा अडथळा नगण्य ठरला. स्ट्रूप यांनी पुढे आयुष्याचा मोठा भाग बायबलच्या अध्यापनात घालवला.

वाचन ही उपजत क्रिया नव्हे. अक्षराला अक्षर जोडत वाचणारे मूल प्रत्येक शब्दासाठी प्रयत्न करते. वर्षानुवर्षांच्या सरावाने तीच क्रिया इतकी अंगवळणी पडते, की डोळ्यांसमोर आलेला शब्द न वाचणे अशक्य होते. म्हणूनच वाचता न येणाऱ्या मुलांत हा अडथळा दिसत नाही, आणि ज्याला देवनागरी येत नाही त्याला हिरव्या शाईतला ‘लाल’ जराही अडवत नाही. जाणीवपूर्वक विचाराला हे आपोआप उमटणारे उत्तर मागे सारता येते, पण त्याची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागते. वॉल्टर श्नायडर व रिचर्ड शिफ्रिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये अशा क्रियांची ‘स्वयंचलित’ आणि ‘नियंत्रित’ अशी विभागणी मांडली.

स्ट्रूप यांचा तिसरा प्रयोग सहसा दुर्लक्षित राहतो, वास्तविक तोच अधिक बोलका आहे. त्यात विद्यार्थ्यांनी आठ दिवस शाईचे रंग सांगण्याचा सराव केला. त्यांचा वेग वाढला आणि शब्दांचा अडथळा कमी झाला. इतकेच नव्हे, तर सरावानंतर लगेच शब्द वाचायला सांगितले असता शाईचा रंगच त्यांच्या वाचनात आडवा येऊ लागला.