कोरा घोडा आणि बिघडलेला घोडा: स्वस्तातलं तरणं जनावर घेण्याआधी

वैशाखातली शिवजयंतीची मिरवणूक जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो. "तीन वर्षांचा आहे, अंगानं चांगला आहे, शिकवलेला नाही म्हणून कमीत देतोय. घेऊन आपणच घडवू का?" यावर निम्मे जण म्हणतात बिनधास्त घे, निम्मे म्हणतात नादाला लागू नकोस. मूळ चौकशी मात्र कुणीच करत नाही: घोडा शिकवलेला नाही, की भलतंच शिकून बसलाय? बाजारात दोघांनाही 'कच्चा आहे, थोडं काम बाकी आहे' असंच म्हणून विकतात. पहिल्याला घडवणं हे धीराचं काम. दुसऱ्याला सुधारणं हे जाणकाराचं काम, आणि तसे जाणकार आपल्या भागात शोधून सापडत नाहीत. हा घोळ ऐकून ऐकून कान किटलेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

कोऱ्या घोड्याबद्दल फार सांगायला नको. घरात खोंड औताला धरलेला माणूस हे निम्मं जाणतोच. आधी म्होरकी, मग अंगावरून हात, चारी पाय उचलून देणं, दोरीवर शेजारून चालणं, पाठीवर रिकामं पोतं, मग जीन, आणि वजन सगळ्यात शेवटी. बैलाचा अनुभव फसवतो तो दातांत. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, घोड्याला वर सहा आणि खाली सहा असतात. दुधाची मधली जोडी साधारण अडीचव्या वर्षी बदलते, पुढची साडेतीनला, कडेची साडेचारला, आणि पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. म्हणजे 'दोन दात' झालेला घोडा अजून पोरच आहे. पुढच्या गुडघ्यावरची हाडं अडीच वर्षांच्या सुमारास पक्की होतात, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालू असते. दीड वर्षाच्या शिंगरावर पाऊणशे किलोचा गडी बसवून व्हिडिओ टाकणाऱ्यांना काय म्हणावं ते मी इथं लिहीत नाही.

आता मुद्द्याचं.

दाब सुटतो त्या क्षणी घोडा शिकतो. टाच लागली, एक पाऊल पुढं टाकलं, टाच सैल झाली: पुढं जायचं असतं हे त्याला कळलं. लगाम आखडला, थांबला, लगाम ढिला झाला: थांबायचं कळलं. सगळं शिक्षण या एवढ्याशा हिशेबावर उभं आहे, आणि बिघाडही त्याच हिशेबावर. टाच लागली, घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला, स्वार घाबरून खाली उतरला आणि मालक म्हणाला, "ऱ्हाऊ दे आज." घोड्याच्या लेखी धडा पुरा झाला. दोन पायांवर झालं की सुट्टी मिळते. असं चार-सहा वेळा घडलं की ते पक्कं बसतं. लोक म्हणतात घोडा मस्तीला आलाय. मस्ती कसली, चांगलं हुशार जनावर आहे, मास्तर चुकीचा भेटला.

उलट बाजूनंही बिघडतो. स्वार लगाम कधी सैल सोडतच नाही, टाच मारतच राहतो, वर तोंडात काटेरी कडियाळं, म्हणजे लगामाचा तोंडातला लोखंडी भाग. काहीही केलं तरी दाब सुटत नाही म्हटल्यावर घोडा उत्तर शोधायचं सोडून देतो. तोंड दगडासारखं होतं, कुशीला टाच लागलेली कळेनाशी होते. असा घोडा बुजत नाही, उधळत नाही. म्हणूनच तो चांगला वाटतो.

त्यामुळं 'उड्या मारतोय म्हणजे बिघडलेला, उभा आहे म्हणजे चांगला' हे माप फेकून द्या. प्रतिक्रिया केवढी मोठी आहे यावर काही ठरत नाही. ती कुठं येते आणि तीच गोष्ट तिसऱ्यांदा केल्यावर तिचं काय होतं, ते बघा.

तंग आवळताना उभं राहून पाहा. कोऱ्याला पट्टा पोटाखाली लागला की तो दचकतो, बाजूला सरकतो, कधी टुणकन उडीही घेतो. पण मान वळवून हुंगायला येतो, कान पुढं-मागं हलत राहतात, तोंड चघळल्यासारखं करतो. दुसऱ्यांदा कमी दचकतो, तिसऱ्यांदा आणखी कमी. त्याच्या चुकाही सगळीकडं विखुरलेल्या असतात: आज पोत्याला बुजला, उद्या डबक्याला, परवा मोटारसायकलला. बिघडलेल्याची चूक एकाच जागी खिळलेली असते. जीन घेऊन माणूस दारातून बाहेर आला की लांबूनच कान मागं जातात. पट्टा हातात घेतला की श्वास रोखतो, पोट फुगवतो, शेपूट दाबून धरतो, नजर लांब कुठंतरी लावतो. कडी अडकली की मग स्फोट. पुन्हा करा, त्याच जागी तेच. तिसऱ्यांदा करा, तेच किंवा थोडं जास्त. बाकी सगळ्या कामांत हा घोडा कोऱ्यापेक्षा शहाणा दिसेल, पाय उचलून देईल, शेजारून नीट चालेल. फसवणूक इथंच होते. घेणारा म्हणतो, एवढं सगळं येतंय, एकच खोड आहे, जाईल की! ती एक खोड म्हणजेच त्याचं शिक्षण आहे.

अंगही बोलतं. "अजून कुणी बसलेलं नाही," असं विकणारा छातीठोकपणे सांगतो. तुम्ही मानेच्या मुळाशी, जीन टेकतं त्या उंचवट्यावर बोटांनी केस उलटे करून बघा. गडद घोड्याच्या तिथं पांढऱ्या केसांचे ठिपके असले तर ती जिनाची जुनी जखम भरलेली आहे. नाकाच्या हाडावर पांढरी रेघ असली तर म्होरकी किंवा साखळी काचलेली आहे. ओठांच्या कोपऱ्यात घट्टे, जिभेवर आडवा वण, मागच्या पायांत खुरांच्या वर दोराचे वळ. कोऱ्या घोड्याच्या अंगावर हे का असावं? एखादा वण खेळतानाही होतो. या सगळ्या जागी खुणा असतील तर तो कोरा नाही आणि विकणारा खरं बोलत नाही.

याच्या आड लपलेला आणखी एक प्रकार आहे. कन्नड गावातला विकणारा म्हणतो, "कुदरी भाळ साधु ऐत्री," आपला म्हणतो, "लै गरीब आहे वो, पोरगं बसवा की." ते जनावर खरंच गरीब असू शकतं. ते उपाशीही असू शकतं. फासळ्या दिसणारं, दिवसभर उन्हात बांधलेलं जनावर उडी मारायला ताकद आणणार कुठून? घरी आणून भिजवलेला हरभरा आणि चांगला कडबा चालू केला की दीड-दोन महिन्यांत खरा घोडा बाहेर येतो, आणि मग घरचे म्हणतात दाण्यानं माजला. शामक इंजेक्शन देऊन उभं केलेलंही असतं. पापण्या जड, खालचा ओठ लोंबता, मान खाली, मागचे पाय किंचित झोकांड्या खाणारे, आणि घोड्याचं लिंग बाहेर लोंबत राहिलेलं. असं दिसलं तर सौद्याची बोलणीच करू नका. न सांगता दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याला कामाला काढायच्या आधी जा.

एक गोष्ट मात्र घोड्याच्या बाजूनं. तीन-साडेतीन वर्षांचा घोडा मान झटकतो, लगाम घालू देत नाही, म्हणून लगेच त्याच्यावर बिघडल्याचा शिक्का मारू नका. याच वयात दाढाही बदलत असतात. वरच्या दाढांपुढं एक बारका दात काहींना असतो आणि कडियाळं नेमकं त्याला लागतं. आधी पशुवैद्याकडून तोंड तपासा, पाठ दाबून बघा, जीन नीट बसतं का बघा. दुखणं गेल्यावर खोड आपोआप गेली तर घोडा बिघडलेला नव्हताच. दुखणं जाऊनही तीच खोड त्याच जागी राहिली तर मग ती सवय आहे.

घ्यायचा कोणता? माझं मत सरळ आहे. स्वतः नीट बसता येत असेल, आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास वर्ष-दीड वर्ष देता येणार असेल आणि हाक मारली की येणारा एखादा जुना चाबूकस्वार, म्हणजे घोडे घडवणारा माणूस, ओळखीचा असेल, तर कोरा घ्या. घरातलं पोर आणि शिंगरू 'बरोबरीनं शिकतील' ही कल्पना डोक्यातून काढा, दोघांपैकी एकाला तरी येत असावं लागतं. बिघडलेला घोडा, ज्यानं असे घोडे आधी सुधारलेत त्यानंच घ्यावा. दोन पायांवर होणारा तर त्यानंही घेऊ नये. तो मागं उलटला तर माणूस खाली सापडतो. यातलं काहीच बसत नसेल तर आठ-दहा वर्षांची, रस्त्यावर चाललेली घोडी बघा. किंमत थोडी जास्त पडेल, पण खाणं दोघांचं सारखंच असतं आणि नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनी दोघांकडंही तेवढेच घेतो.

कोराच हवा असेल तर चिकोडी-अथणीकडून मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांची तट्टं आधी बघावीत. जीन त्यांनी पाहिलेलं नसतं, पण ओझं, कुत्री, ट्रक, ओढ्याचं पाणी, सगळं पचवलेलं असतं. हे भीमथडीच्या रक्ताचं जनावर आहे आणि भीमथडीला आता स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदही मिळाली आहे. अंगानं लहान, म्हणून वजनाचं भान ठेवा: स्वार आणि जीन मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत. 350 किलोच्या घोड्याला 70 किलो, तरण्याला त्याहून कमी. आत वळलेले कान दिसले म्हणून मारवाडी जातीच्या घोड्यामागं धावणारे हे तट्टू बघायलाही तयार नसतात.

भोवऱ्यांचंही तेच. देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा, आहे का यावर अर्धा तास वाद घालतात आणि खूर उचलून बघत नाहीत. ज्याची त्याची श्रद्धा, पण खूर बघा! आणि तीन वर्षांचा अंडील घोडा पहिला घोडा म्हणून घेऊ नका. घ्यायचाच असेल तर खच्ची करून घ्या. रुबाब जातो म्हणणाऱ्यांनी शेजारी घोडी बांधलेली असताना त्याला खरारा करून दाखवावा.

नाचरा घोडा म्हणजे शिकलेला घोडा हाही गैरसमजच. हलगी वाजली की पाय उचलणं हे एकच काम त्याला येतं, तेही बहुतेक वेळा दोन खांबांमध्ये बांधून काठीनं शिकवलेलं. शेताच्या बांधावरून एकटा न्या म्हटलं की तिथंच अडतो. मिरवणुकीच्या डीजेत आणि फटाक्यांत कोरा घोडा तर नेऊच नका, निदान पहिलं वर्ष. माझ्या लेखी त्या मिरवणुकीसाठी घोडा विकत घेणंच चूक, दिवसापुरता भाड्यानं आणावा.

अकलूजहून किंवा सीमेपलीकडच्या दुसऱ्या बाजारातून आणणार असाल तर ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला मागा. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडा कायद्यानं मारावा लागतो. दाखल्यावरचं वर्णन आणि समोरचं जनावर जुळतंय का तेही बघा. पैसे द्यायच्या आधी पिकअप बोलवा आणि विकणाऱ्यालाच घोडा वर चढवायला सांगा. कोरा फळीचा वास घेईल, मागं येईल, पुन्हा जाईल, अर्ध्या तासात चढेल. ज्याला चढवायला चार माणसं, मागून दोर आणि शेपटीला पीळ लागतोय, त्याला तिथंच ठेवून पिकअपवाल्याला फेरीचं भाडं द्या आणि घरी या.