९५ व्या पर्सेंटाइलच्या वर २२ टक्के मुले

इंग्लंडमधील शाळांत २०२३-२४ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मोजणीत १०-११ वर्षांची २२.१ टक्के मुले स्थूल आढळली, आणि त्याच मोजणीत स्थूल मुलाची व्याख्या ‘९५ व्या पर्सेंटाइलवर किंवा त्याच्या वर बीएमआय असलेले मूल’ अशी आहे (बीएमआय म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा). सीईटीमुळे पर्सेंटाइल आपल्या घराघरांत पोहोचला असल्याने ९५ च्या वर पाचच टक्के असायला हवेत, असा आक्षेप कोणीही घेईल.

सीईटीचा पर्सेंटाइल त्याच सत्रातील परीक्षार्थींवरून काढतात. येथील मोजपट्टी मात्र १९९० च्या ब्रिटिश मुलांच्या संदर्भ-आलेखांवर गोठवलेली आहे. आजची मुले तेव्हाच्या मुलांशी ताडून पाहिली जातात, म्हणूनच पाचाचे बावीस होऊ शकतात. दरवर्षी नवी मोजपट्टी केली असती, तर उत्तर कायम पाचच टक्के आले असते.

प्रौढांना ३० बीएमआयची एकच सीमा पुरते, मुलांना पुरत नाही, कारण मुलांचा बीएमआय पहिल्या वर्षात चढतो, पाच-सहाव्या वर्षापर्यंत उतरतो आणि पुन्हा चढू लागतो. १९ हा बीएमआय पाचव्या वर्षी स्थूलतेत मोडतो, तर अकराव्या वर्षी साधारण ठरतो. त्यात बीएमआयचे वितरण सममित नसते. जास्त वजनाच्या बाजूला त्याचे शेपूट लांबते. संख्याशास्त्रज्ञ टिम कोल यांच्या पद्धतीत प्रत्येक वयासाठी, मुलगे आणि मुली यांच्यासाठी वेगवेगळे, तीन आकडे ठरवतात: मध्यक, विखुरण आणि तिरकसपणा. मुलाच्या बीएमआयला मध्यकाने भागून, तिरकसपणाच्या घातांकाने ते शेपूट आवरून, विखुरणाच्या एककात मध्यकापासूनचे अंतर मोजले की झेड-गुण मिळतो. तो सुमारे १.६४ (म्हणजेच ९५ वा पर्सेंटाइल) किंवा अधिक असेल, तर मूल या गणतीत स्थूल. एकेका मुलाच्या वैद्यकीय निदानासाठी सीमा ९८ व्या पर्सेंटाइलची असते, ९५ ची सीमा केवळ लोकसंख्येच्या पाहणीसाठी आहे.

मुलांना शाळेत प्रत्यक्ष मोजतात आणि ९० टक्क्यांहून अधिक मुले मोजली जातात, त्यामुळे स्थानिक आकडे बऱ्यापैकी भक्कम असतात. प्रौढांचे स्थानिक आकडे लोकांनी स्वतः सांगितलेल्या उंची-वजनावरून येतात. माणसे उंची वाढवून आणि वजन घटवून सांगतात, म्हणून ते दुरुस्त करावे लागतात. शिवाय एखाद्या भागातील ५०० जणांच्या नमुन्यात २६ टक्के स्थूल निघाले, तर खरा आकडा २२ ते ३० यांमध्ये कोठेही असू शकतो. अशा आकड्यांवरून ‘देशातील सर्वात लठ्ठ शहर’ जाहीर करणाऱ्या बातम्यांना ज्योतिषाइतकाच आधार असतो.

दक्षिण आशियाई वंशाच्या प्रौढांत मधुमेहाचा धोका कमी बीएमआयलाच वाढत असल्याने ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शनात त्यांच्यासाठी स्थूलतेची सीमा २७.५ आहे. स्थानिक टक्केवारी मात्र सर्वांसाठी ३० धरूनच काढली जाते, त्यामुळे लेस्टरसारख्या, भारतीय वंशाची वस्ती मोठी असलेल्या शहरात ती धोक्यापेक्षा कमीच दिसते.